पाणंद बघायची तर पावसात बघा

मंडळी, एक साधी मागणी मांडतो. पाणंद रस्त्यांची पाहणी एप्रिल-मेमध्ये गाडीत बसून करणं बंद करा. ती जुलैत करा, पायी करा. आणि ज्या वाटेनं गेलात तिनंच माघारी येऊ नका, गावाला वळसा घालून दुसऱ्या बाजूनं परत या. रस्ता आहे की नाही ते तेव्हाच कळतं.

कृष्णाकाठच्या काळ्या रानात उन्हाळ्यात कुठलीही वाट रस्त्यासारखीच दिसते. जमीन कडक, धुरळा उडतोय, वर मुरमाचा पातळ थर टाकलेला. फोटो झकास येतो. मृगाचे चार पाऊस झाले की तोच मुरूम काळ्या मातीच्या पोटात जातो. दोन्ही बाजूंना चरी काढलेल्या नसतात, मोरीचा पाइप गाळानं भरलेला असतो, मग शेजारच्या रानातलं पाणी वाटेवरच उतरतं. तरण्या पावसात पाणंदेचा ओढा होतो, म्हाताऱ्या पावसात गुडघाभर रबडी. कागदावर मात्र काम पूर्ण.

हे मला रोज दिसतं, कारण कुत्र्याला रोज फिरवावं लागतं. आमचा मोत्या गावठी आहे. पाऊस असो, गारठा असो, सकाळी सहाला तो दाराशी उभा. वेशीतून निघायचं, ओढ्याकडच्या पाणंदेनं मळ्यातल्या वस्त्यांवर जायचं, पडक्या विहिरीला वळसा घालून मारुतीच्या देवळामागून गावात यायचं. साधारण चार किलोमीटरची फेरी. जुनी माणसं सांगतात, याच वाटेनं बैलगाड्या जायच्या.

आता ही फेरी पुरी होत नाही. विहिरीच्या अलीकडं वाट नांगरून सोयाबीन पेरलंय. तिथून बांधावरून कसंबसं जावं, तर पुढं तारेचं कुंपण. रानडुकरांसाठी तिथं झटका मशीन बसवलंय. डुकरांचा त्रास खरा आहे, पिकाची राखण करायलाच पाहिजे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तार वाटेच्या मधोमध आलीय. मोत्याला एकदा झटका बसला, तेव्हापासून तो त्या वळणावर येतो आणि खालीच बसतो. मग आम्ही आलो तसे माघारी.

मी माघारी येऊ शकतो. वस्तीवरच्या माणसांनी कुठं माघारी जायचं? दूध डेअरीला वेळेत पोचलं पाहिजे. युरियाची पोती डोक्यावरून न्यावी लागतात. पोरं दप्तर डोक्यावर आणि चपला हातात घेऊन शाळेत येतात. रात्री कुणाचं दुखलंखुपलं, कुणाला साप चावला, तर गाडी डांबरी रस्त्यावरच थांबते आणि माणसाला उचलून आणावं लागतं. आणि ज्या बाईचं गुंठाभर रान नाही, जी रोजानं खुरपायला जाते, तिचं नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नाही. तिच्या वाटेसाठी अर्ज कोण करणार?

वाट दाखवायला कागद आहे. गाव नकाशा काढून बघा. दोन तुटक रेषा असतील तर तो गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते 21 फूट. एक तुटक रेष असेल तर पायमार्ग, सव्वाआठ फूट. जुन्या मोजणीची साखळी 33 फुटांची, म्हणून गुंठा 33 बाय 33. साडेसोळा म्हणजे अर्धी साखळी, सव्वाआठ म्हणजे पाव. आज त्यातली किती फूट वाट उरलीय ते पावलांनी मोजलं तरी समजेल. दरवर्षी दोन्हीकडून नांगराचं एकेक तास आत सरकतं. चोर एकच असता तर पकडला असता. इथं दोन्ही बाजूचे पाहुणे, एकाच भावकीतले. म्हणून सगळे गप्प.

कायदाही आहे. असलेली वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5 खाली तहसीलदारांकडं दाद मागता येते. पण अडवल्यापासून 6 महिन्यांच्या आत. ही मुदत लोकांना ठाऊक नसते. पेरणीत वाट अडते, सुगी होईस्तोवर बघू म्हणतात, आणि वेळ निघून जाते. रानाला वाटच नसेल तर जमीन महसूल अधिनियम 1966 चं कलम 143 आहे, त्याखाली बांधावरून वाट मागता येते. मातोश्री पाणंद योजना 2021 साली आली, रोजगार हमीच्या पैशाची जोड देऊन. असे रस्ते सातबाऱ्याच्या इतर हक्क रकान्यात नोंदवा, असंही शासनानं 2025 मध्ये सांगितलं. योजना कमी पडत नाहीत. पावसात चालून बघणारा माणूस कमी पडतो.

ज्या साहेबानं आपल्याकडं शिवार मोजलं, त्याच्या देशात बघा. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1949 च्या कायद्यानं सार्वजनिक पायवाटांचे नकाशे करायला लावले. रानाच्या मधून जाणारी पायवाट शेतकऱ्यानं नांगरली, तर पहिल्या नांगरटीनंतर 14 दिवसांत ती किमान एक मीटर रुंद, चालण्याजोगी करून द्यावी लागते. त्या वाटेनं कुणीही जावं, रान असलेला आणि नसलेलाही. कुत्रं बरोबर असलं तरी चालतं, फक्त ताब्यात पाहिजे. भर पावसात लोक कुत्रं घेऊन गावाला वळसा घालून येतात, कारण वाट मधेच संपणार नाही याची खात्री असते. तिथंही भांडणं आहेतच. पण वाट पेरून टाकली की विषय संपला, असं होत नाही.

आता दुसरी बाजू. अर्ध्या एकरवाल्याला साडेसोळा फूट म्हणजे फार होतात. एकट्या त्याच्याच रानातून वाट काढली तर तो अडवणारच, आणि त्याचं चूकही नाही. म्हणून मोजणी दोन्ही बाजूंची व्हावी, एकाच दिवशी, सगळ्यांसमोर. आधी मोठ्या बागायतदाराचा बांध मागं सरकावा, मग गरिबाचा. आपल्याकडं नेमकं उलटं होतं.

15 ऑगस्टला ग्रामसभा आहे. झेंडावंदन झालं की जिलेबी खाऊन घरी जाऊ नका. गाव नकाशा मागा, भिंतीवर लावायला सांगा आणि कुठल्या पाणंदा बंद आहेत ते नावानिशी ठरावात लिहून घ्या. त्याआधी एक सकाळ काढा. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, सगळ्यांना बोलवा आणि गावाला एक फेरी मारा. छत्री न्या, बूट मात्र घरीच ठेवा, चिखलात राहतील.

तुमच्या गावात कुठली पाणंद बंद आहे? खाली गावाचं नाव आणि पाणंदेचं नाव लिहा. फोटो टाकणार असाल तर आजचा टाका, पावसातला.