पावसात नव्हे, पावसानंतर

मृग लागला की माळ्यावरच्या छत्र्या खाली येतात आणि घरातली तरुण मंडळी आंबोलीचा बेत ठरवतात. कुणाला धुक्यातला घाट टिपायचा असतो, कुणाला गोकाकला घटप्रभेचं गढूळ पाणी कड्यावरून कोसळताना. निघताना डबा घेतला का, स्वेटर घेतला का, हे सगळे विचारतात. कॅमेऱ्यावर काय पांघरायचं, हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

2022 च्या आषाढात जांबोटीजवळ मावशीच्या शेतावर भाताची लावणी होती. मावशीचं वय अठ्ठ्याहत्तर. ‘पुढच्या वर्षी वाकायला जमेल असं वाटत नाही गं,’ असं ती फोनवर म्हणाली आणि मी सुनेचा कॅमेरा मागून घेतला. सून धारवाडची. पहिल्या वर्षाच्या पगारातून पैसे साठवून घेतलेला कॅमेरा तिनं एका शब्दानं न कुरकुरता माझ्या हाती दिला.

मावशी इरलं पांघरून चिखलात उभी होती. पाऊस भुरभुरत होता, म्हणून मी बिनधास्त फोटो काढत सुटले. मग मोठी सर आली. बांधावरून धावत घरी पोचेपर्यंत कॅमेरा पुरता निथळत होता. मावशीनं टॉवेल पुढे केला. ‘आधी पूस, मग बघ.’ पण मला धीर कुठला! फोटो आलेत की नाही हे बघायला बटण दाबलं. पडदा उजळला, थरथरला आणि काळा झाला, तो कायमचाच.

बेळगावात कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या काकांनी तो उघडून पाहिला. ‘नुसत्या पाण्यानं गेला नाही अक्का, ओला असताना चालू केलात म्हणून गेला.’ आत पाणी असताना वीज खेळली की जिथं जाऊ नये तिथं जाते आणि सर्किट जळतं. लगेच बॅटरी काढून वाळू दिला असता तर कदाचित वाचला असता. वर सल्ला दिला, ‘इन्नमुंदे गडबड माडब्याड्री!’

तेव्हापासून आमच्या घरात काही नियम झालेत. आपला शेतकरी घोंगडीची खोळ करतो, आपण कंबळी म्हणतो ना, तीच युक्ती कॅमेऱ्याला करावी. जाड, पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीला तळाशी लेन्सपुरतं भोक पाडावं, ते लेन्सच्या हूडवर रबरबँडनं घट्ट बसवावं आणि उघड्या बाजूनं हात आत घालावेत. हूडमुळे काचेवर थेंबही कमी पडतात. पाऊस चालू असताना उघड्यावर लेन्स बदलू नये. पुसायला मऊ, धुतलेलं सुती फडकं बरं; आधी पाणी टिपून घ्यावं, घासू नये. घाटात एसी लावून गेलात तर गाडीतून उतरताच कॅमेरा बाहेर काढू नका. गार काचेवर बाहेरची दमट हवा लागली की ती फ्रिजमधल्या तांब्यासारखी घामाघूम होते. अर्धा तास बंद बॅगेतच राहू द्यावा.

आणि भिजलाच तर? बंद करावा. बॅटरी काढावी, कार्ड काढावं, बाहेरचं पाणी टिपावं. बाहेर आलेली झूम लेन्स ओली असताना आत ढकलू नये, पाणीही आत जातं. मग दोन-तीन दिवस पंख्याखाली ठेवावा. केस वाळवायचं यंत्र नको. त्याची गरम हवा पाणी आणखी आत लोटते. तांदळाच्या डब्यातही पुरू नये, त्याची पिठूळ धूळ आत शिरते. कारवार-गोव्याकडे समुद्राचं पाणी उडालं असेल तर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्यानं आधी मीठ पुसावं. मोबाइलवर पाणी चालतं असं लिहिलेलं असलं, तरी फोन जुना होईल तशी त्याची सीलं कमकुवत होतात. ओल्या फोनला चार्जर तर लावूच नये.

पण खरा शत्रू पुढेच आहे. सहल संपते, कॅमेरा कपाटात जातो आणि दसऱ्यापर्यंत विसरला जातो. माझ्या वडिलांचा रोलचा कॅमेरा कधीच पावसात गेला नाही. चामड्याच्या कव्हरात, कपड्यांच्या थप्पीखाली जपून ठेवलेला होता. बाहेर काढला तेव्हा लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरली होती. चामडं ओल धरतं, अंधार आणि कोंदट हवा बुरशीला मानवते, आणि ती काचेवरचा लेप खाते. मग साफ करूनही डाग उरतात.

उपाय साधा आहे. रबरी कडीचा हवाबंद प्लास्टिकचा डबा घ्यावा आणि त्यात सिलिका जेलची पुरचुंडी ठेवावी. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र मिळतं. काटा 40 ते 50 टक्क्यांच्या दरम्यान असला की निर्धास्त. साठच्या वर राहिला तर बुरशीला आमंत्रण. केशरी दाणे हिरवट झाले की ओल पुरेशी प्यायले असं समजावं. एखाद्या टाकाऊ पत्र्याच्या ताटलीत मंद आचेवर तापवले की पुन्हा कामाला येतात. ती ताटली स्वयंपाकात मात्र वापरू नये. डांबराच्या गोळ्या त्या डब्यात नकोत. आणि आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून दोन-चार फोटो काढावेत.

दुकानातल्या काकांनी कॅमेऱ्यातून कार्ड काढून पुसून हातात दिलं होतं. घरी येऊन संगणकाला लावलं तर सगळे फोटो शाबूत! मी सुनेची माफी मागायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, ‘अत्ती, फोटो सिक्कावल्ल, साक बिड्री.’ त्याच वर्षी मार्गशीर्षात मावशी गेली. इरलं पांघरून हसणारी मावशी आता आमच्या बैठकीच्या खोलीत आहे.

पुढे भिशी लागली तेव्हा सुनेला नवा कॅमेरा घेऊन दिला. पैसे जमवले की कॅमेरा येतो. लावणीला उभी असलेली मावशी पुन्हा येत नाही. म्हणून यंदा घरातला कॅमेरा आजच बाहेर काढा आणि लेन्स उजेडात धरून बघा. मागच्या पावसाळ्यानं आत काही ठेवून दिलं असेल, तर ते वेळेवर कळेल.