कोव्ह : निरोपाचे बंदर

आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील कोव्ह हे छोटेसे नगर कॉर्क शहरापासून आगगाडीने अवघ्या अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. १८४९ मध्ये राणी व्हिक्टोरिया येथे उतरली आणि गावाचे नाव क्वीन्सटाउन झाले. १९२० मध्ये गावाने ते पुसून टाकले. टायटॅनिकचा अखेरचा थांबा, ११ एप्रिल १९१२ चा, येथलाच. बहुतेक प्रवासी तेवढेच पाहून परततात, हे अपुरेच होय.

धक्क्यावर ॲनी मूर व तिच्या दोन धाकट्या भावांचा पुतळा आहे. आईवडील आधीच न्यूयॉर्कला गेलेले. मागोमाग डिसेंबर १८९१ मध्ये ही भावंडे निघाली आणि १ जानेवारी १८९२ रोजी एलिस बेटावर नोंदलेली पहिली स्थलांतरित ॲनी ठरली. १८४५ मध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि दुष्काळ आला. त्यानंतरच्या शतकभरात सुमारे २५ लाख माणसे या बंदरातून गेली. दुष्काळातही देशातून धान्याची निर्यात चालूच होती, हे व्यापारी वाचकास विशेष जाणवेल. एखादा निघणार असला की आदल्या रात्री घरात, मृताजवळ बसतात तसे, जागरण होई. पुन्हा भेट होण्याची आशा क्वचितच असे.

टेकडीवरील सेंट कोलमन कॅथेड्रलचे काम १८६८ पासून १९१९ पर्यंत चालले. त्याच्या निधीत परदेशी गेलेल्यांनी पाठविलेला पैसाही आहे.