‘लक्ष कुठं होतं तुझं?’



घरात लहान मूल भाजलं, पडलं, कुठं कापलं की पहिला आवाज मुलाच्या रडण्याचा येतो आणि दुसरा बहुतेक वेळा हा येतो: ‘लक्ष कुठं होतं तुझं?’ सासूबाई विचारतात, नवरा कामावरून फोनवर विचारतो, शेजारीण दारात उभी राहून विचारते. विचारायला कोणीच नसेल तर आई स्वतःच स्वतःला विचारत राहते. जखम महिन्याभरात भरते, पण हा प्रश्न घरात वर्षानुवर्षं राहिलेला मी पाहिला आहे.

आमच्या भुकूमसारख्या गावात हा विषय रोजचा आहे. पौड रस्त्याला लागून मोठ्या इमारती झाल्या आणि त्यांच्या मागच्या अंगाला भाड्याच्या खोल्या. पिरंगुटकडच्या कारखान्यांत कामाला आलेली कुटुंबं तिथं राहतात. एकाच खोलीत स्वयंपाक, झोपणं, मुलांचा अभ्यास. सकाळी अंघोळीचं पाणी तापवायला प्लास्टिकच्या बादलीत हीटरचा रॉड सोडलेला असतो आणि दीड वर्षाचं लेकरू त्या बादलीपासून दोन हातांवर खेळत असतं. रमजानमध्ये इफ्तारच्या आधीचा अर्धा तास आठवा. एका शेगडीवर भजी, दुसरीवर चहा, रोजा असल्याने अंगात त्राण नाही आणि मूल ओढणी धरून मागे उभं. अशा वेळी अपघात झाला नाही तर अल्लाहची मेहरबानी, आणि झाला तर त्यात एकट्या बाईचं लक्ष तपासून काय मिळणार?

मिळत तर काही नाहीच, उलट वेळ जातो. उकळतं पाणी किंवा चहा अंगावर सांडला तर पहिली वीस मिनिटं सोन्यासारखी असतात. त्या वेळात एकच काम: भाजलेल्या जागेवर साधं थंड पाणी सोडत राहायचं, पूर्ण वीस मिनिटं. नळाला पाणी नसेल तर पिंपातलं पाणी तांब्याने ओतत राहायचं. बर्फ नको. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप, बटाट्याचा कीस यांतलं काही नको. भिजलेले कपडे चिकटले नसतील तर काढायचे आणि हातापायातले वाळे, बांगडी, काळा दोरा, दंडावरचा तावीज लगेच उतरवायचा. सूज आली की तेच आवळतात. तावीज उतरवायला आपल्याकडे हात कचरतात. काढून ताकात ठेवा, नंतर बांधता येतो. भाजलेला भाग सोडून बाकीचं अंग कोरडं आणि उबदार राहू द्या. मग स्वच्छ सुती कापड सैल टाकून दवाखाना. चेहरा, हाताचा पंजा, सांधा, लघवीची जागा भाजली असेल किंवा मुलाच्या स्वतःच्या तळहातापेक्षा मोठा भाग असेल तर घरी वाट पाहायचीच नाही. दादीला दम करायचा असेल तर तो गाडीत बसूनही करता येतो.

घरात भांडण उभं राहिलं की हे सगळं मागे पडतं. आई रडत बसते, जो तो आपला इलाज सांगतो, नळ मात्र बंदच राहतो.

याहून मोठं नुकसान पुढं, डॉक्टरांच्या टेबलापाशी होतं. ज्या घरात प्रश्नाची दहशत असते त्या घरातली बाई खरं सांगत नाही. मूल जिन्यावरून पडलेलं असतं, ती सांगते, ‘खाटेवरून पडलं.’ तीन तास झालेले असतात, ती सांगते, ‘आत्ताच.’ डॉक्टर तर याच गोष्टींवर ठरवतात की मुलाला घरी पाठवायचं की डोक्याचा फोटो काढायचा. किती उंचीवरून, किती वाजता, नंतर बेशुद्ध झालं का, उलटी किती वेळा झाली, झटका आला का, नेहमीपेक्षा जास्त झोपाळलं का, कानातून किंवा नाकातून पाणी आलं का, हे आईइतकं कोणालाच माहीत नसतं. खेळण्यातला बटणासारखा चपटा सेल गिळला असेल तर गोष्ट तासांवर येते. तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला लागतो. ‘माझ्यावर येईल’ या भीतीने बाई तिथं गप्प राहिली तर त्याची किंमत मूल मोजतं. म्हणून सासरच्या मोठ्या माणसांना माझी विनंती आहे: दवाखान्यात सुनेला बोलू द्या, आणि ती बोलत असताना तिच्याकडे रोखून पाहू नका.

पोलिसांची भीतीही असते. भाजल्याची, पडल्याची नोंद दवाखाना पोलिसांकडे करू शकतो, ती कामाची पद्धत आहे. त्या नोंदीसाठी उपचार थांबवता येत नाहीत. १९८९ साली परमानंद कटारा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट सांगितलं. गाडीने उडवलेल्या एका स्कूटरवाल्याला एका दवाखान्याने ‘पोलीस केस आहे’ म्हणून वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या दवाखान्यात पाठवलं आणि तो वाटेत गेला, त्यातून हा खटला उभा राहिला. सरकारी असो की खासगी, जीव वाचवणं आधी आणि कागद नंतर. १०८ ची रुग्णवाहिका आपल्या राज्यात २०१४ पासून आहे आणि ती फुकट आहे. आमच्या गावापुरतं सांगायचं तर एका बाजूला पौडचं ग्रामीण रुग्णालय आणि दुसऱ्या बाजूला पुणे, मध्ये भूगावची कोंडी. कुठल्या वेळी कोणत्या बाजूला निघायचं हे घरात आधीच बोलून ठेवलेलं बरं.

इब्ने माजा यांच्या हदीस संग्रहात आदरणीय आयेशा (रजि.) यांनी सांगितलेला एक प्रसंग आहे. लहानगा उसामा दाराच्या उंबरठ्याला अडखळून पडला आणि त्याच्या चेहऱ्याला जखम झाली. प्रेषित (स.) यांनी ते पुसायला सांगितलं. आयेशा (रजि.) म्हणतात, मला ते जमेना. तेव्हा प्रेषितांनी (स.) स्वतः त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त काढलं आणि मग त्याच्याशी थट्टेने बोलले, की उसामा मुलगी असता तर मी त्याला दागदागिने आणि कपड्यांनी सजवलं असतं. उसामा त्यांच्या रक्ताचाही नव्हता, जैद (रजि.) यांचा मुलगा. मला या प्रसंगात दोन गोष्टी दिसतात. मुलाला कोणी एकटं सोडलं होतं, याची चौकशी त्यात नाही. आणि ज्यांना रक्त बघवलं नाही त्यांना त्याबद्दल बोलही लावलेला नाही. प्रत्येकाचा धीर सारखा नसतो. एकाचे हात थरथरले तर दुसऱ्याने पुढे व्हायचं. आपल्या घरांत हा ‘दुसरा’ बहुधा बाप असतो, आणि तो नेमका त्या वेळी प्रश्न विचारण्यात गुंतलेला असतो.

शिक्षिका म्हणून एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे. तिसरीतली एक मुलगी एकदम गप्प झाली. डबा खाईना, वाचायला उभं केलं की ओठ हलायचे, आवाज नाही. घरी विचारलं तर कळलं, धाकटा भाऊ चहाने भाजला होता. आई कपडे वाळत घालायला गेली तेव्हा ‘जरा बघ याच्याकडे’ असं मुलीला सांगून गेली होती. नंतर दिवसभर घरात जो येईल त्याला हेच सांगितलं गेलं, ‘हिच्याकडे दिला होता.’ आठ वर्षांची पोर! आपल्याकडे थोरली बहीण म्हणजे अर्धी आई, असं कौतुकाने म्हणतात. त्या अर्ध्या आईच्या वाट्याला प्रश्न मात्र अख्खा येतो.

तिच्या आईला मी म्हटलं, ‘बाजी, हिला सगळ्यांसमोर एकदा सांगा की ते काम मोठ्या माणसांचं होतं.’ त्यांनी दादीसमोर सांगितलं. दादी काही वेळ बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, ‘पोरीला दूध दे आधी.’

पट्टी बदलण्याचे दिवस सगळ्यांनाच जड जातात. ‘नाही दुखणार’ असं सांगू नये. दुखतंच, आणि मग मूल पुढच्या वेळी आपल्यावर विश्वास ठेवत नाही. ‘दुखेल, मी हात धरून आहे’ एवढं पुरतं. ज्या आईला तिथं थांबवत नाही तिने बाहेर बसावं, फुफीने किंवा अब्बूंनी आत जावं. रात्री डोळे मिटले की तीच बादली, तीच किंकाळी येते, असं अनेक आया सांगतात. हे काही दिवस होतं आणि हळूहळू ओसरतं. महिना उलटला तरी झोप नाही, जेवण जात नाही, मुलाला क्षणभर खाली ठेववत नाही, असं असेल तर त्याच डॉक्टरांना स्वतःबद्दलही सांगावं. बापांनाही हे होतं. ते फक्त उशिरा घरी येऊ लागतात.

त्या घरात आता रॉड बादलीत असेपर्यंत मोरीचं दार बाहेरून कडी लावून बंद असतं. कडी वर बसवलीय, थोरलीचाही हात पोचणार नाही इतकी. भावाची पट्टी बदलताना थोरली त्याच्या उशाशी बसते आणि उर्दूच्या पुस्तकातली गोष्ट मोठ्याने वाचते. वर्गात अजून हळूच वाचते, पण मागच्या बाकापर्यंत ऐकू येतं.