डीएनएस बदलला, पण नेट काही पळेना!



रात्री मेस आटोपली की आपल्या होस्टेलच्या पॅसेजमध्ये एकच आरोळी ऐकू येते, "नेट स्लो आहे रे!" मग कुणीतरी अनुभवी सिनियर खोलीत शिरतो, ऐटीत सेटिंग उघडतो, डीएनएसच्या रकान्यात ८.८.८.८ नाहीतर १.१.१.१ टाकतो आणि म्हणतो, "घे, आता बघ कसं पळतंय!" तो सिनियर म्हणजे, सांगायला लाज वाटते, पण मीच! दोन वर्षांत निम्म्या विंगचे लॅपटॉप मी असे 'दुरुस्त' केले आणि त्याबदल्यात भरपूर वडापावही हाणले. म्हणून आज ही जाहीर कबुली.

आधी डीएनएस म्हणजे काय ते बघू. वेबसाइटचं नाव आपल्याला कळतं, मशीनला मात्र आयपी अ‍ॅड्रेस लागतो. नावावरून अ‍ॅड्रेस शोधून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. सुरुवातीच्या काळात सगळ्या मशीनची नावं एकाच यादीत असायची. यादी आवरेनाशी झाली तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी ही नवी पद्धत मांडली. इंटरनेट देणारी प्रत्येक कंपनी आपला डीएनएस देतेच. पण २००६ मध्ये ओपनडीएनएस, डिसेंबर २००९ मध्ये गुगल आणि १ एप्रिल २०१८ ला क्लाउडफ्लेअर यांनी कुणालाही फुकट वापरता येईल असे डीएनएस सुरू केले. फुकट आणि फास्ट म्हटल्यावर आपण थोडेच मागे राहणार!

आता आपल्या गावचंच उदाहरण घ्या. पालघर स्टेशनला उतरलात आणि "कलेक्टर ऑफिस कुठे?" म्हणून विचारलंत. एकाने पटकन सांगितलं, "कोळगावला, बोईसर रोडने जा." दुसऱ्याने दोन मिनिटं डोकं खाजवून तेच सांगितलं. पहिल्याला विचारलं तर दोन मिनिटं वाचली, कबूल. पण पुढे रस्ता तोच, रिक्षा तीच आणि समोरून येणारे एमआयडीसीचे ट्रकही तेच! पत्ता लवकर मिळाला म्हणून रस्ता रुंद होत नाही.

शिवाय रोज जाणारा माणूस पत्ता विचारतच नाही. आपला ब्राउझरही एकदा मिळालेला पत्ता काही काळ लक्षात ठेवतो. काही काळच, कारण पत्ते बदलतात. जिल्हा मुख्यालय २०२१ मध्ये कोळगावच्या नव्या इमारतीत आलं. जुना पत्ता धरून बसणाऱ्याला हेलपाटाच पडणार ना?

आता थोडा हिशोब करू, इंजिनिअर आहोत शेवटी. समजा जुना डीएनएस उत्तर द्यायला ५० मिलिसेकंद घेतो आणि नवा १०. एका पानासाठी पाच नावं एकामागून एक शोधावी लागली, तरी वाचले २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. आता दुसरी बाजू. समजा १०० एमबीपीएसची लाइन २०० पोरं एकाच वेळी वापरतायत. प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा एमबीपीएस. २ एमबीचं पान उतरायला लागले ३२ सेकंद! या ३२ सेकंदांपुढे तो पाचवा भाग म्हणजे दर्या मे खसखस.

मग डीएनएस बदलणं अगदीच फोल का? तसंही नाही. कंपनीचा डीएनएस लोडखाली दमला असेल किंवा बंद पडला असेल, तर पान सुरुवातीलाच अडकतं. तिथे बदलाने खरंच फरक पडतो. उलट कधी तोटाही होतो. मोठ्या व्हिडिओ साइट आपल्या कॉपी जागोजागी ठेवतात आणि कोणती कॉपी द्यायची हे बऱ्याचदा डीएनएसची विचारणा कुठून आली त्यावर ठरवतात. बाहेरचा डीएनएस वापरला तर कधीकधी जवळची कॉपी राहते बाजूला आणि लांबची गळ्यात पडते.

पण माझे डोळे उघडले ते वेगळ्याच प्रसंगाने. परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची रात्र. फर्स्ट इयरचा एक पोरगा रडवेला होऊन आला, "दादा, लॉगिनचं पानच उघडत नाही!" बघतो तर काय, आपल्या नेटवर्कच्या लॉगिन पानाचं नाव फक्त आतल्याच डीएनएसला माहीत आणि मी तर त्याच्या लॅपटॉपमध्ये बाहेरचा टाकून ठेवलेला! हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. तोवर त्याच्या रूममेटच्या मोबाईलवरून कसाबसा फॉर्म गेला. त्या रात्री मला झोप लागली नाही. मी एकदा तरी मोजून बघितलं होतं का? 'डिग' कमांड दिली की क्वेरी टाइम समोर येतो. मी नुसता रुबाब केला.

आणि यातली खरी गोम पुढेच आहे. डीएनएस बदलणं फुकटात होतं, म्हणून ते सगळ्यांनाच आवडतं. आपल्याला काहीतरी केल्याचं समाधान मिळतं आणि खर्च करणाऱ्यांना खर्च टाळता येतो. मूळ प्रश्न मात्र तसाच राहतो. माझं स्पष्ट मत आहे, की रेक्टर सरांकडे अर्ज द्यायचाच तर असा देऊ: लाइन किती एमबीपीएसची आहे, रात्री तिच्यावर किती जण असतात आणि एका विंगला किती अ‍ॅक्सेस पॉइंट आहेत, हे नोटीस बोर्डावर लावा. होस्टेलसाठी पत्ते लक्षात ठेवणारा एक डीएनएस सर्व्हर बसवा, तो आपलीच पोरं प्रोजेक्ट म्हणून करतील. आणि आपणही आठवडाभर वेगवेगळ्या वेळी मोजून आकडे जोडू. आकड्यांसकट गेलेला अर्ज परत पाठवणं कुणालाही जड जातं.

तोवर ज्यांचे लॅपटॉप मी 'दुरुस्त' केलेत त्यांनी माझ्या खोलीवर यावं. सेटिंग पूर्ववत करून मिळेल. वडापाव या वेळी माझ्याकडून!