विमानाचे तास नव्हे, बसण्याचे तास मोजा

‘डॉक्टर, तेल अवीवला किती तास लागतात?’ रेवदंड्यात हा प्रश्न नवा नाही. इथली अनेक बेने इस्रायली कुटुंबे तिकडे स्थायिक झाली, पण नात्यांमुळे येणे-जाणे सुरू राहिले. मुंबई ते तेल अवीव हे अंतर सरळ रेषेत सुमारे ४०५० किलोमीटर, म्हणजे सरळ मार्गाने गेल्यास विमानात साधारण सहा तास. पण माझ्या मते हे उत्तर अपुरे आहे.

शरीराला किलोमीटर कळत नाहीत, तास कळतात. मार्च २०१८ मध्ये दिल्लीहून तेल अवीवला जाणारे विमान पहिल्यांदा सौदी अरेबियावरून गेले आणि वळसा वाचला. शहरे जागच्या जागीच होती, पण प्रवाशांचे बसणे कमी झाले.

आता तुमचा हिशोब करा. रेवदंड्याहून विमानतळापर्यंत गाडीत तीन-चार तास, तिथे खुर्चीवर तीन तास, पुढे विमानात सहा तास. झाले बारा-तेरा! अमेरिकेला जाणाऱ्यांनी यात आणखी नऊ-दहा तास धरावेत.

चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात. पाय लोंबकळत ठेवून बसले की रक्त साचते आणि खोल शिरेत गुठळी होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांहून जास्त प्रवासात हा धोका साधारण दुप्पट होतो, मग ते विमान असो, बस असो की कार. निरोगी माणसात तो सहा हजारांत एक इतकाच असतो, म्हणून घाबरू नका. मात्र नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, कर्करोगाचे रुग्ण, गर्भवती, अतिस्थूल, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया आणि पूर्वी गुठळी झालेले यांनी आधी डॉक्टरांना भेटावे.

मुलांनाही एक सांगायचे आहे. आईला इंग्रजी येत नाही म्हणून तुम्ही तिच्यासाठी व्हीलचेअर घेता. मदतीसाठी जरूर घ्या, पण चालती-फिरती आई विमानतळावरही बसूनच राहते. गेटजवळ पोहोचल्यावर तिला उठून फेऱ्या मारायला सांगा. तिकीट काढताना खिडकीपेक्षा कडेची जागा घ्या, म्हणजे शेजाऱ्याला उठवायचा संकोच वाटत नाही.

वाटेत गाडी थांबवून पाच मिनिटे चाला. विमानात दर तासाला टाचा वर-खाली करा. लघवीला जावे लागेल म्हणून पाणी टाळू नका. झोपेची गोळी आणि मद्य नको. गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने घेऊ नका. मधुमेहाची औषधे आणि इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा. घड्याळ बदलल्यावर डोस कधी घ्यायचा, ते निघण्यापूर्वीच विचारून घ्या.

प्रवासानंतर काही आठवड्यांत एकाच पोटरीला सूज आली किंवा ती दुखू लागली, तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून तेल चोळत बसू नका. त्याच दिवशी दाखवा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले, तर थेट रुग्णालय गाठा.