चिठ्ठी फेकू नका, चटई टाका

गेल्या बैठकीत एक भाऊ उठला आणि म्हणाला, दहावीच्या पोरांचे वर्ग घेणं हे सुधारकी काम आहे, चळवळ रस्त्यावर असते. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या म्हणूनच हे लिहितोय.

रस्त्यावर मीही असतो. पोलिसाची काठी मलाही ओळखते. पण अभ्यासिका ही चळवळीबाहेरची भानगड आहे असं ज्यानं ठरवलं, त्यानं बाबासाहेबांचा फोटो लावलाय, बाबासाहेब वाचलेले नाहीत. २० जुलै १९२४ ला मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली. तिच्या उद्देशांत वसतिगृहं होती, वाचनालयं होती, अभ्यासमंडळंही होती. महाडचं तळं पेटलं १९२७ ला. त्याच्या दोन वर्षं आधी, ४ जानेवारी १९२५ ला सभेनं वसतिगृह काढलं. कुठं? या आपल्या सोलापुरात! आणि कुणासाठी? हायस्कुलात शिकणाऱ्या अस्पृश्य पोरांसाठी. चार बुकं शिकून पोरगं बापामागं कामाला लागायचं, गळती तिथं होती. म्हणून हात तिथं घातला. आता सांगा, हे सुधारकी काम का? मग तळ्यावर गेलेला माणूस आधी सुधारक होता म्हणायचं!

शंभर वर्षं होऊन गेली. गिरण्यांचे भोंगे बंद पडले, चिमण्या पडल्या. गळती मात्र जागा बदलून बसलीय. आता ती बसलीय गणितात आणि इंग्रजीत.

आमच्या अभ्यासिकेत संध्याकाळी सातला चटई पडते. एक ट्यूब, एक फळा, फळ्याचा एक कोपरा फुटका. पोरी आठनंतर येतात, कारण आईच्या विड्या पुऱ्या करून द्यायच्या असतात. एक पोरगी तर सूप मांडीवर घेऊनच यायची. हात पानावर, डोळे पुस्तकावर. शेजारची पोरगी तिला इतिहासाचे प्रश्न विचारायची आणि ही विडी वळता वळता उत्तरं द्यायची. कुणी कुणावर उपकार करत नव्हतं. विचारणारीचाही इतिहास पक्का होत होता.

दहावीच्या गणितात ‘अर्थनियोजन’ नावाचा धडा आहे. त्यात जी. एस. टी., शेअर्स, दर्शनी किंमत, बाजारभाव, दलाली. ज्याच्या घरात बँकेचं खातं निघालं ते शिष्यवृत्तीपुरतं, त्यानं शंभर शेअर्स विकून हातात किती आले ते काढायचं! एक पोरगं तीन दिवस त्या गणितावर डोकं आपटत होतं. वर्गातला हुशार म्हणायचा, “सूत्रात टाक की बे.” कशात टाकायचं? मग दुसरा एक उठला, ज्याला स्वतःला सहामाहीत चाळीसपैकी पंधराच पडले होते. बाप मार्केट यार्डात हमाल. तो म्हणाला, “कांद्याची पट्टी बघितलीस का? हमाली, तोलाई कापून शेतकऱ्याच्या हातात काय राहतंय? तसंच हे. दलाली कापायची, उरलं ते आपलं.” झालं! तीन दिवसांचं कोडं तीन मिनिटांत सुटलं. 

हे मी मुद्दाम सांगतोय. नव्वद टक्केवाल्याला आपल्याला कसं समजलं ते आठवत नाही. नुकताच धडपडून वर आलेला असतो त्याला आठवतं, पाय कुठं घसरतो ते. ‘अपवर्तन’ हा शब्द वाचून पोरगं भेदरतं. पाण्याच्या बादलीत काठी घालून दाखवली की म्हणतं, हे होय! पुस्तकातली मराठी आमच्या घरात कुणी बोलत नाही. तिची आमच्या बोलीत फोड करायला फी घेणारा क्लासवाला येणार नाही. ती फोड आमचीच पोरं एकमेकांना करून देतात.

आता दुसऱ्या मदतीचं बोलू. पेपरच्या दिवशी शाळेच्या मागच्या भिंतीवर चढून खिडकीतून चिठ्ठी फेकणारे दादालोक तुम्ही पाहिलेत. वस्तीत त्यांचं कौतुक होतं, “पोरांसाठी जीव टाकतो.” जीव टाकत नाही, जाळं टाकतो! चिठ्ठीवर पास झालेलं पोरगं त्या दादाचं आयुष्यभराचं मिंधं. उद्या त्याच्या मोटारसायकलीमागं बसणार, परवा त्याच्या पुढाऱ्याच्या सभेला खुर्च्या मांडणार. पोटभरू पुढाऱ्यांना असे चमचे लागतात, आणि ते असेच तयार होतात. शिवाय सवर्ण बाबूला बोलायला तोंड मिळतं, “यांचं सगळं असंच.” जे पोरगं रात्री अकरापर्यंत चटईवर बसलं, त्याच्या पस्तीस मार्कांवरही तो संशयाचा शिक्का मारतो. ते पस्तीस तुम्ही का नासवता?

शिक्का मारायला व्यवस्था टपलेलीच आहे. जानेवारी २०२५ आठवा. राज्य मंडळानं बारावीच्या प्रवेशपत्रावर जात प्रवर्गाचा रकाना छापला. म्हणे शिष्यवृत्तीसाठी नोंद बरोबर आहे का ते पोरांना कळावं! ते शाळेच्या रजिस्टरात कळत नाही? परीक्षेच्या बाकावर, पर्यवेक्षकाच्या डोळ्यासमोरच कळायचं? बोंब झाली आणि १८ जानेवारीला मंडळानं माघार घेतली. तेव्हा रस्ता कामी आला, कबूल. पण त्या बाकावर बसायला पोरगं पोचलंच नसतं, तर रकाना कुणाच्या कपाळावर छापला असता?

आणि आपले सत्कार! निकाल लागला की नव्वदच्या वरच्यांना शाल, नारळ, फोटो. चाळीसवाल्याचं नाव कुणी पुकारत नाही. बाबासाहेब १९०७ ला मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ मार्क होते. आजच्या आपल्या मंडळांनी त्यांना स्टेजवर बोलावलं नसतं! परळच्या एका खोलीच्या घरात रामजीबाबा पहाटे दोनला पोराला अभ्यासाला उठवायचे. तरीही तेव्हाच्या लोकांनी सभा भरवून त्या २८२ चं कौतुक केलं, आणि केळुसकर गुरुजींनी बुद्धाचं चरित्र हातात ठेवलं.

जयंतीच्या वर्गणीवर बोललं की काहीजणांच्या नाकाला मिरची लागते. लागू दे. दहावीचे पेपर अलीकडे फेब्रुवारीत सुरू होतात आणि मार्चच्या मध्यापर्यंत चालतात. नेमके त्याच दिवसांत आपली वर्गणी फिरते, डॉल्बीची चाचणी होते, लेझीमचा सराव रात्री दहापर्यंत. पोरगी भूमितीचं प्रमेय लिहितेय आणि भिंत हादरतेय. कुणाच्या जयंतीसाठी? मी जयंतीच्या विरोधात नाही, मिरवणुकीत मीही नाचलोय. पण डॉल्बीच्या एका रात्रीच्या भाड्यात आमच्या अभ्यासिकेचं वर्षाचं लाइटबिल भागतं, आणि ट्यूब मागायला गेलो तर एका मंडळाच्या खजिनदारानं मला विचारलं, “त्यात आमचं नाव कुठं येणार?” ट्यूबवर नाव लिहा म्हटलं! नुसता हसला. ट्यूब दिली नाही.

तेव्हा मागतोय ते रोख सांगतो. शेवटचा पेपर होईपर्यंत सराव वस्तीच्या बाहेर. रात्री पोरींना घरापर्यंत सोडायला दोघी-तिघी अक्का आणि दोन भाऊ, रोज, पाळीनं. यंदा पास झालेल्या प्रत्येकानं आपली पुस्तकं रद्दीत न घालता अभ्यासिकेत आणून टाकायची, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ चटईवर बसायचं, मार्क कितीही असोत.

आणखी एक. शाळा सोडलेल्यांना बाहेरून बसायला सतरा नंबरचा फॉर्म असतो. तो भरायची मुदत पावसाळ्यात येते आणि आपल्याला आठवण होते दिवाळीत. माझ्या गल्लीतली चार नावं माझ्या वहीत आहेत. तीन पोरी, एक पोरगा. तुमच्या गल्लीतली नावं घेऊन या. रविवारी संध्याकाळी सातला फळ्याजवळ असतो.