‘अजून का झालं नाही?’ असे टोमणे मारणाऱ्या मेल्समुळे जगभरातले सर्व्हर कसे धोक्यात आले होते?

फुकट मिळालेल्या सॉफ्टवेअरमध्ये काही अडलं की आपण थेट बनवणाऱ्यालाच झापतो. "इतका साधा बग अजून तसाच? अर्जंट आहे!" समोर पगारी कस्टमर केअर नसतं. बरेचदा नोकरी सांभाळून रात्री कोड लिहिणारा एखादा माणूस असतो. २०२४ मध्ये अशाच भाषेच्या आडून सर्व्हरमध्ये चोरदरवाजा बसवायचा डाव जवळपास साधला होता.

विषय आहे एक्सझेड युटिल्सचा. फाइल्स दाबून लहान करणारं हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा कोड कुणीही पाहू, वापरू, सुधारू शकतं असं. नाव फारसं कुणी ऐकलेलं नसतं, पण जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये ते असतं. फिनलंडचे लासे कॉलिन ते अनेक वर्षं बिनपगारी सांभाळत होते.

२०२२ मध्ये त्यांना मेल येऊ लागले. काम फार हळू चाललंय, तुम्हाला रस उरलेला नाही, जबाबदारी दुसऱ्याला द्या, असा सूर. त्यातलं एक नाव होतं ‘जिगर कुमार’. कॉलिन यांनी सगळ्यांसमोर लिहिलं की आपल्याला दीर्घकाळ मानसिक आरोग्याचा त्रास आहे आणि हे काम छंद म्हणून, पैशाविना चाललंय. टोमणे तरीही थांबले नाहीत.

‘जिया तान’ नावाचं एक खातं मात्र नियमित मदत करत होतं. हळूहळू त्याला अधिकार मिळाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या ५.६.० या व्हर्जनमध्ये त्याच खात्याने छुपा कोड घुसवला. टोमणे मारणारी खातीही बनावट आणि याच कटातली असावीत, असा सुरक्षा तज्ज्ञांचा अंदाज आहे. तिथे उद्धटपणा इतका रोजचा की ते मेल खपून गेले. मला यातलं हेच सगळ्यात वाईट वाटतं.

मग सापडलं कसं? मायक्रोसॉफ्टमधले इंजिनिअर आंद्रेस फ्रॉइंड यांना लॉगिनला उशीर होताना दिसला. आधी ०.२९९ सेकंद लागायचे, आता ०.८०७. खोदत गेले आणि २९ मार्च २०२४ ला सगळं जाहीर केलं. तोवर हा कोड लिनक्सच्या मुख्यतः चाचणी आवृत्त्यांपर्यंतच पोचला होता.

तक्रार कशी लिहावी, याचा त्यांचा मेल नमुना आहे. काय दिसलं, कुठल्या व्हर्जनवर, कसं मोजलं, सगळं त्यात आहे. आपणही मदत मागताना एररचा पूर्ण मजकूर, व्हर्जन आणि काय करून पाहिलं एवढं दिलं तरी पुरे. (स्क्रीनचा तिरका फोटो नको, प्लीज.) उत्तर सापडलं तर तेही तिथेच लिहायचं, नाहीतर पुढचा तोच प्रश्न घेऊन येतो.

उत्तर देणारेही काही कमी नाहीत. "आधी गूगल कर" म्हणून नवख्याला हाकलणारे भरपूर. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनीही सप्टेंबर २०१८ मध्ये मेलमधल्या आपल्या भाषेबद्दल माफी मागितली आणि काही काळ सुट्टी घेतली. त्याच सुमारास त्या प्रकल्पाला नवी आचारसंहिताही मिळाली.

एक्सझेडचं पुढे काय झालं? मे २०२४ च्या अखेरीस छुपा कोड काढून टाकलेलं ५.६.२ व्हर्जन आलं. ते काढलं लासे कॉलिन यांनीच.